लहान मुलांचे भिन्न स्वभाव : किती समजून घ्यावे आणि किती वळण लावावे?

दोघांची आई :

सर्वांना नमस्कार.

मला दोन मुले आहेत; मुलगी साडेचार वर्षांची आणि मुलगा अडीच वर्षांचा. दोघेही एकाच घरात, त्याच माणसांच्या सहवासात वाढत आहेत, तरी त्यांच्या स्वभावात इतका फरक आहे की एकीला लावलेली रीत दुसऱ्याला लागू पडत नाही. मुलगी नव्या ठिकाणी गेली की बराच वेळ माझा हात सोडत नाही. ओळखीच्या घरीसुद्धा ती आधी एका बाजूला उभी राहून सगळ्यांना न्याहाळते, मग हळूच एखाद्या मुलाच्या शेजारी जाऊन बसते, आणि निघण्याची वेळ होते तेव्हा कुठे तिचा खेळ रंगात आलेला असतो. घरी मात्र तिची बडबड थांबत नाही. स्वतः रचलेल्या गोष्टी ती कितीतरी वेळ सांगत बसते. धाकट्याला परके असे कोणी नाहीच. तो कोणाकडेही जातो, कुठेही चढतो, परंतु मनाविरुद्ध काही घडले की जमिनीवर अंग टाकून आकांत मांडतो, आणि त्याची झोपेची व भुकेची वेळ आज एक तर उद्या दुसरी असते.

मुलगी 'मिसळत नाही' असे बालवर्गातील बाईंनी सांगितल्यापासून घरात दोन तट पडले आहेत. ज्येष्ठांचे म्हणणे असे की तिला चार लोकांसमोर उभे करावे, कविता म्हणायला लावावी, म्हणजे भीड चेपेल. माझ्या पतींना वाटते की हा उपजत स्वभाव आहे, त्याला हात लावू नये, वय वाढले की ती आपोआप खुलेल. मला या दोन्हींपैकी एकही मत पूर्णपणे पटत नाही. दरम्यान एका संकेतस्थळावरील प्रश्नावली मी भरून पाहिली. तिच्यात मुलांचे चार व्यक्तिमत्त्व-प्रकार होते. त्यांपैकी माझी मुलगी 'अंतर्मुख विचारवंत' आणि मुलगा 'जन्मजात नेता' ठरला.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे : इतक्या लहान वयात व्यक्तिमत्त्वाचे असे प्रकार खरोखर ठरवता येतात का? स्वभावातले किती जन्मतः येते आणि किती आपल्या हाती असते? मुलीला पुढे होण्यासाठी उत्तेजन द्यायचे, तर ते कुठपर्यंत? आणि दोन भावंडांना दोन तऱ्हांनी वागवणे हा त्यांच्यावर अन्याय तर होणार नाही?

बालविकास-अभ्यासक :

मी बालविकासाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून प्रथम प्रकारांविषयी लिहिते.

या वयात आपल्याला जे दिसते तो मुलाचा उपजत स्वभाव असतो, म्हणजे बाहेरून आलेल्या गोष्टीला त्याचे शरीर आणि मन किती लवकर, किती तीव्रतेने आणि किती वेळ प्रतिसाद देते याची ठेवण. मूल्ये, आवडीनिवडी, मी कोण आहे याची जाण, हे सारे त्या ठेवणीवर पुढे अनेक वर्षे घडत जाते. 'विचारवंत' किंवा 'नेता' ही घडून आलेल्या मोठ्या माणसाची वर्णने आहेत. ती अडीच वर्षांच्या मुलाला लावण्याइतका पुरावा कोणत्याही प्रश्नावलीपाशी नसतो.

उपजत स्वभावाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेल्या संशोधनाने घातला. त्यांनी १३३ मुलांचा तान्हेपणापासून प्रौढ वयापर्यंत मागोवा घेतला. त्यांच्या पद्धतीतील एक गोष्ट प्रत्येक पालकाने उचलावी अशी आहे : ते आईवडिलांना मूल कसे आहे हे न विचारता, नवा पदार्थ तोंडात गेल्यावर त्याने नेमके काय केले, अंघोळ घालताना काय केले, अनोळखी माणूस घरात आल्यावर काय केले, असे विचारत. अशा नोंदींतून त्यांना स्वभावाची नऊ अंगे दिसली. हालचालीचे प्रमाण, झोपभुकेची नियमितता, नव्या गोष्टीकडे झेपावणे किंवा तिच्यापासून मागे सरणे, बदलाशी जुळवून घेण्याचा वेग, आवाज, स्पर्श व प्रकाश जाणवण्याची तरलता, प्रतिक्रियेची तीव्रता, एकूण मनःस्थिती, लक्ष विचलित होण्याची सहजता आणि चिकाटी, ही ती अंगे होत. त्यांच्या आधाराने त्यांनी सुमारे ४० टक्के मुले सहज रुळणारी, सुमारे १५ टक्के सावकाश रुळणारी आणि सुमारे १० टक्के सांभाळायला कठीण अशी सांगितली. मला या तिन्ही आकड्यांपेक्षा उरलेला आकडा अधिक मोलाचा वाटतो. सुमारे ३५ टक्के मुले कोणत्याही एका गटात बसली नाहीत, आणि संशोधकांनी त्यांना ओढूनताणून बसवले नाही.

तुमच्या मुलीचे वर्णन सावकाश रुळणाऱ्या मुलांशी पुष्कळच जुळते : प्रथम मागे सरणे, मग न्याहाळणे, मग हळूहळू सामील होणे, आणि एकदा सामील झाल्यावर मनापासून रमणे. मुलगा नव्याकडे झेपावणारा, तीव्र प्रतिक्रियेचा आणि अनियमित आहे. मात्र त्याच्या आकांताचा सगळा भार स्वभावावर टाकू नये. मेरी रॉथबार्ट या संशोधिकेने स्वभावाचे जे तीन व्यापक घटक मांडले, त्यांतील एक म्हणजे मनात आलेली ऊर्मी थोपवून दुसरे काही निवडण्याची क्षमता. ही क्षमता साधारणतः तीन ते सात वर्षे या काळात वेगाने विकसित होते. अडीच वर्षांच्या मुलात ती अजून अंकुरलेलीच असते, त्यामुळे आज जो आवेग दिसतो त्यातला काही भाग स्वभावाचा आणि बराचसा वयाचा आहे.

जन्मतः किती, याचे उत्तर जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून शोधले गेले आहे. मुलामुलांतील स्वभावभेदाचा साधारण २० ते ६० टक्के वाटा आनुवंशिक घटकांशी जोडता येतो, असे त्यांतून दिसते. हे प्रमाण समूहातील भेदांविषयी आहे. एका मुलाच्या स्वभावाचे अमुक टक्के आईवडिलांकडून आले, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना हलती खेळणी, अनोळखी आवाज आणि वास अनुभवायला देऊन त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या. सुमारे २० टक्के बाळे हातपाय झाडून रडत, तर सुमारे ४० टक्के बाळे शांत राहत. पहिल्या गटातील अनेक मुले पुढे सावध निघाली, परंतु अत्यंत बुजरी राहिली ती थोडीच. आणि त्या गटातून अगदी धीट, बिनधास्त अशी मुलेही क्वचितच झाली. म्हणजे स्वभाव हालचालीला जागा ठेवतो, पण ती जागा अमर्याद नसते. तुमच्या पतींचे आणि घरातील ज्येष्ठांचे म्हणणे या एका निष्कर्षात अर्धे अर्धे सामावलेले आहे.

थॉमस आणि चेस यांचे सर्वांत टिकाऊ योगदान मात्र आणखी वेगळे आहे. कोणते मूल पुढे अडचणीत येईल हे केवळ त्याच्या स्वभावावरून ठरत नाही, तर तो स्वभाव आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांची जुळणी कशी आहे यावरून ठरते, असे त्यांना आढळले. झोपेच्या अनियमिततेचे त्यांचेच उदाहरण तुमच्या मुलासाठी उद्‌बोधक ठरेल. न्यूयॉर्कमधील मध्यमवर्गीय कुटुंबांत ठरल्या वेळी झोपवण्याचा आग्रह असे, म्हणून अनियमित झोपणारी मुले तेथे 'समस्या' ठरत. त्याच शहरातील पोर्तो रिकन श्रमिक कुटुंबांत मुलाच्या झोपेप्रमाणे घर चाले, त्यामुळे तशाच मुलांविषयी तेथे कोणाची तक्रार नसे. शाळा सुरू होऊन सकाळी वेळेवर उठणे भाग पडले, तेव्हा तेथेही अडचण उभी राहिली. स्वभाव तोच होता, भोवतालची मागणी बदलली होती. म्हणून 'हे मूल कोणत्या प्रकारचे' यापेक्षा 'या प्रसंगात या मुलाकडून काय मागितले जात आहे आणि ते देण्यासाठी त्याला कशाची मदत लागेल' हा प्रश्न मला पालकांसाठी अधिक कामाचा वाटतो.

शिशुवर्गाच्या बाई :

वरील प्रतिसाद वाचून वर्गातल्या अनुभवावरून थोडी भर घालावीशी वाटली. मी अनेक वर्षे तीन ते सहा वयोगटातील मुलांना शिकवते.

'मिसळत नाही' हे वाक्य आम्हा शिक्षिकांच्या तोंडून फार लवकर निघते. वर्गात तीस मुले असतात, त्यांतील जी आवाज करतात ती दिसतात, जी करत नाहीत ती एका वाक्यात आटोपली जातात. ताई, तुम्ही बाईंना भेटून थोडे नेमके विचारा. मुलगी खेळणाऱ्या मुलांकडे पाहते का, की नजर टाळते? गाणे सुरू असताना तिचे ओठ हलतात का? मोकळ्या खेळात ती कोणाच्या शेजारी जाऊन बसते? घरी येऊन ती वर्गातली गाणी, वर्गातली भांडणे, कोणी काय केले ते सांगते का? सांगत असेल तर ती वर्गात पूर्णपणे हजर आहे असे समजा. काठावर उभे राहून पाहणारे मूल खेळाचे नियम, कोण कसा आहे, कुठे शिरता येईल, हे सारे टिपत असते. ते त्याचे सामील होणेच असते, फक्त त्याचा पहिला भाग असतो.

अशा मुलांसाठी काही साध्या गोष्टींचा मला सातत्याने उपयोग होताना दिसला आहे. वर्ग भरण्याआधी थोडे लवकर आले, तर मूल रिकाम्या खोलीत येते आणि बाकीची मुले एकेक करून त्याच्याकडे येतात; भरलेल्या, गजबजलेल्या खोलीत शिरणे मात्र त्याला फार जड जाते. मोठ्या गटाऐवजी एकच जोडीदार दिला की मैत्री होते, आणि त्या मैत्रीच्या आधाराने ते गटात जाते. बोलण्याऐवजी हाताला काम द्यावे. कागद वाटणे, झाडांना पाणी घालणे अशा कामांतून मूल सर्वांसमोर जाते आणि तरीही सर्वांच्या नजरा त्याच्यावर रोखलेल्या नसतात. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबणे हे तर आम्हा शिक्षकांनाच शिकावे लागते, कारण आपण दोन क्षणांत पुढच्या मुलाकडे वळतो आणि विचार करून बोलणाऱ्या मुलाची वेळ तेवढ्यात निघून जाते.

कविता म्हणायला लावण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. मुलाची तयारी नसताना पाहुण्यांसमोर उभे केले, तर 'लोकांसमोर जाणे म्हणजे कोंडी' हाच धडा त्याच्या मनात पक्का होतो. त्याऐवजी तीच कविता आईबरोबर म्हणावी, मग आजोबांना दूरध्वनीवर ऐकवावी, मग एका मैत्रिणीसमोर म्हणावी. प्रत्येक पायरीवर मुलाची हरकत नसेल तरच पुढची पायरी घ्यावी.

एक गोष्ट विषयाला जोडूनच सांगते, कारण ती सहसा कोणी विचारत नाही. बुजऱ्या आणि तापट मुलांविषयी पालक माझ्याकडे येतात. सहज रुळणाऱ्या मुलांविषयी जवळजवळ कोणीच येत नाही. जे मूल दिले ते खाते, सांगितले तिथे बसते, आपले खेळणे दुसऱ्याने ओढले तरी दुसरे उचलते, त्याच्याकडे घरातही आणि वर्गातही सर्वांत कमी लक्ष जाते. त्याला काही नको असते असे नव्हे. त्याचे मागणे इतके हळू असते की गडबडीत ते कानावर पडत नाही. अशा मुलाला मुद्दाम विचारावे लागते की तुला काय हवे, आणि त्याने 'नाही' म्हटले तर ते आनंदाने मान्य करावे लागते, कारण नकार देण्याचा सराव त्याला इतरत्र मिळत नाही.

एक बाबा :

माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे आणि तुमच्या धाकट्याच्या वर्णनात मला तोच दिसला. वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले, तरी एका मुद्द्यावर माझे वेगळे मत नोंदवतो.

'स्वभाव समजून घ्या' या सल्ल्याचा अर्थ अनेक घरांत 'तो तसाच आहे, त्याला काही म्हणू नका' असा होतो. तीव्र स्वभावाच्या मुलाच्या बाबतीत हे त्याच्यावरच अन्याय करणारे ठरते. त्याला राग इतरांपेक्षा लवकर आणि जोराने येतो, हे खरे. म्हणून तर राग आल्यावर काय करावे हे त्याला इतरांपेक्षा अधिक शिकवावे लागते. राग येण्याला माझ्या घरी मुभा आहे, पण मारण्याला, चावण्याला आणि वस्तू फेकण्याला नाही, आणि हा नियम पाहुणे असोत वा नसोत, आमचे मन थाऱ्यावर असो वा नसो, बदलत नाही. नियम मोजके ठेवले, कारण प्रत्येक गोष्टीला 'नको' म्हटले की कोणत्या 'नको'ला वजन आहे हे मुलाला कळेनासे होते.

आकांत सुरू असताना समजावण्याचा उपयोग होत नाही. त्या वेळी मी जवळ बसतो, कमी बोलतो आणि त्याला किंवा दुसऱ्याला इजा होणार नाही एवढे पाहतो. बोलणे नंतर, तो शांत झाल्यावर, आणि तेही थोडक्यात : तुला अजून खेळायचे होते, खेळ थांबवला म्हणून राग आला, राग आला तर मला येऊन सांग. खेळ थांबवण्याआधी पूर्वसूचना देणे हे तर या मुलांसाठी अत्यावश्यक आहे. 'आणखी दोन वेळा घसरगुंडी, मग निघायचे' असे सांगून खरोखर दोन वेळांनंतर निघालो, तर निषेध होतो पण वादळ होत नाही. दिवसातून पुरेसे पळणे, चढणे, उड्या मारणे झालेले असेल तर संध्याकाळ निभते. भूक आणि झोप यांची वेळ तो पाळत नसला, तरी जेवणाला बसण्याची आणि दिवा मालवण्याची वेळ आपण पाळू शकतो. झोप त्याच्या हाती नाही, अंथरुणावर जाणे आपल्या हाती आहे.

याविषयी ग्राझिना कोचान्स्का या संशोधिकेचे काम मला फार मार्गदर्शक वाटले. तिने पाहिले की स्वभावतः भित्र्या मुलांमध्ये सौम्य शब्दांतली, धाकाचा वापर न करणारी शिस्त सदसद्‌विवेक जागवते. निडर मुलांवर मात्र शिस्तीचा तो मार्ग तितका परिणाम करत नाही, आणि अधिक कडक होण्यानेही काम होत नाही. त्यांच्या बाबतीत आईवडिलांशी असलेले जवळिकीचे, परस्परांना प्रतिसाद देणारे नाते हाच आधार ठरतो. ते मूल भीतीपोटी ऐकत नाही, आपल्या माणसाला धरून राहावेसे वाटते म्हणून ऐकते. म्हणून धाकट्याशी दिवसातून काही वेळ केवळ त्याच्या मनासारखा खेळ खेळणे, त्यात सूचना नाहीत, शिकवणे नाही, याला मी शिस्तीचाच भाग मानतो.

आणखी एक. जुळणीचा विचार करताना आईवडिलांचा स्वतःचा स्वभावही हिशेबात धरावा. माझी पत्नी शांत, आवाज न सोसणारी आहे आणि मी गडबडीत रमणारा आहे. त्यामुळे एकच मूल तिला थकवणारे आणि मला उत्साही वाटते. आम्ही दिवसाची वाटणी त्यानुसार केली : दंगामस्तीचे खेळ माझ्याकडे, गोष्ट सांगून झोपवणे तिच्याकडे. यात कोणी कमी पडते असे मानण्याचे कारण नाही.

समाजशास्त्राचा विद्यार्थी :

बालविकास-अभ्यासकांनी मांडलेल्या जुळणीच्या मुद्द्याला पूरक असे एक संशोधन सांगतो. शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील शहरी शाळकरी मुलांचे १९९०, १९९८ आणि २००२ या वर्षांतील तीन गट तपासले. १९९० मधील गटात बुजरी, मितभाषी मुले सवंगड्यांत स्वीकारली जात होती आणि शिक्षकांच्या मते सक्षम होती. २००२ पर्यंत, बाजारपेठेची अर्थव्यवस्था आणि स्पर्धा यांनी जीवन बदलल्यानंतर, त्याच स्वभावाच्या मुलांना सवंगडी दूर सारत होते आणि त्यांच्यात खिन्नतेची लक्षणे अधिक दिसत होती. अवघ्या बारा वर्षांत मुलांचा उपजत स्वभाव पालटणे शक्य नाही. पालटले ते समाजाने त्या स्वभावाला दिलेले मोल. आपल्या मुलीविषयी काळजी वाटते तेव्हा त्यातली किती काळजी तिच्या स्वतःच्या त्रासातून येते आणि किती आजच्या धीटपणाच्या कौतुकातून येते, हे वेगळे करून पाहावे असे मला सुचवावेसे वाटते.

दोघांची आई :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. बाईंनी सुचवलेले प्रश्न मी शाळेत विचारले. मुलगी गाणी म्हणत नाही पण हातवारे करते, आणि मोकळ्या वेळेत नेहमी एकाच मुलीच्या शेजारी चित्रे काढते, असे कळले. घरी ती वर्गातला प्रत्येक प्रसंग सांगतेच.

तरी तीन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. पहिली, घरी आलेल्या मोठ्यांशी ती बोलत नाही, माझ्या मागे लपते, आणि 'किती लाजते' असे तिच्यासमोरच म्हटले जाते. अशा वेळी मी काय करावे? दुसरी, ती घाबरली की मी तिच्या वतीने उत्तर देते किंवा तेथून तिला घेऊन जाते. हे तिच्यासाठी आधाराचे आहे की अडथळ्याचे? तिसरी, हा स्वभाव आहे की तज्ज्ञांना दाखवण्याजोगी अडचण, हे कसे ओळखावे? भावंडांना वेगळे वागवण्याविषयीही कोणी लिहिले तर बरे होईल.

बालविकास-अभ्यासक :

क्रमाने लिहिते, मात्र दुसऱ्या प्रश्नावर अधिक थांबेन, कारण पालकांची खरी ओढाताण तेथेच होते.

पाहुण्यांसमोर 'ती थोड्या वेळाने बोलेल, आधी तिला तुम्हाला पाहू द्या' एवढे शांतपणे सांगावे. हे ऐकून पाहुण्यांना काय करावे ते कळते आणि मुलीला स्वतःविषयी एक खरे, आशेला जागा ठेवणारे वर्णन मिळते. 'लाजरी' हे विशेषण रोज कानावर पडले, तर मूल ते स्वतःची ओळख म्हणून धरून बसण्याची शक्यता असते. 'नवीन ठिकाणी तुला थोडा वेळ लागतो' या वाक्यात वेळ संपल्यावर काहीतरी घडणार आहे हे गृहीत असते. अभिवादनाचा आग्रह हवाच असेल, तर हात हलवणे, हसणे, पाण्याचा पेला नेऊन देणे असे पर्याय तिच्याबरोबर आधीच ठरवावेत.

तिच्या वतीने उत्तर देणे आणि तिला तेथून घेऊन जाणे हे त्या क्षणी तिची भीती उतरवते, आणि तेवढ्यासाठी ते वात्सल्याचेच आहे. परंतु ते नेमाने होऊ लागले, तर 'मी थांबले असते तर काय झाले असते' हे तिला कधी अनुभवायला मिळत नाही. मेरीलँड विद्यापीठातील केनेथ रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की दोन वर्षांच्या सावध मुलांच्या कामांत आई वारंवार हस्तक्षेप करत असेल किंवा त्यांना टोचून बोलत असेल, तर ती मुले चार वर्षांची झाल्यावरही संकोची राहण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे अतिकाळजी आणि टोचणी या दोन टोकांचा परिणाम एकाच दिशेने होतो. मधला मार्ग असा : तिच्याबरोबर थांबावे, तिच्या उंचीवर बसावे, लगेच निघून जाऊ नये, उत्तर देण्याआधी पाच-दहा सेकंद वाट पाहावी, आणि मग गरज पडल्यास प्रश्न सोपा करावा. 'तुला काय हवे' याला उत्तर देणे जड जाते. 'लाल हवा की निळा' याला बोट दाखवूनही उत्तर देता येते.

या मार्गाचा पद्धतशीर पडताळा सिडनीतील मॅक्वारी विद्यापीठात रॉन रेपी यांनी घेतला. अत्यंत बुजऱ्या अशा बालवर्गातील मुलांच्या पालकांसाठी त्यांनी सहा सत्रांचा वर्ग तयार केला, ज्यात अतिरक्षण कमी करणे आणि भीतीच्या प्रसंगांना लहान लहान पायऱ्यांनी सामोरे जाऊ देणे शिकवले जाई. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर या मुलांमध्ये चिंताविकारांचे निदान इतरांपेक्षा कमी आढळले; बुजरेपणाच्या मोजमापात मात्र तसा फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटतो. मुले सावधच राहिली, परंतु त्या सावधपणाचे आजारात रूपांतर होण्याचे प्रमाण घटले. तुमचे उद्दिष्टही तेवढेच असावे : तिला हव्या असलेल्या गोष्टींपासून भीतीने तिला रोखू नये. गटात पुढे पुढे करणारी मुलगी होणे हे त्यात येत नाही.

भावंडांविषयी थोडक्यात. दोघांना सारखेच वागवणे आणि दोघांना न्याय देणे या निराळ्या गोष्टी आहेत. मारायचे नाही, खोटे बोलायचे नाही, हे नियम दोघांना एकच असावेत. ते पाळण्यासाठी मिळणारी मदत वेगळी असावी. साडेचार वर्षांच्या मुलीला 'त्याला थांबायला मदत लागते, तुला सुरुवात करायला मदत लागते' हे सहज कळते. मात्र एकाच्या गुणाने दुसऱ्याला मोजू नये, आणि 'ही शांत, हा उपद्‌व्यापी' अशी वाटणीही करू नये, कारण मग शांत मुलीला राग दाखवायला आणि दंगेखोर मुलाला हळवे व्हायला घरात जागा उरत नाही.

आता तज्ज्ञांना केव्हा दाखवावे. मूल शाळेत रुळण्याचा पहिला महिना उलटल्यानंतरही घरी मोकळेपणे बोलते पण शाळेत अजिबात बोलत नसेल, आणि त्यामुळे पाणी मागणे, बाथरूमला जायचे सांगणे, दुखले तर सांगणे हेही अडत असेल, तर ते निवडक मौन असू शकते आणि त्यावर लवकर उपचार सुरू केलेले बरे. रोज सकाळी पोटदुखी, झोपेत बिघाड, आधी करत असलेल्या गोष्टी एकाएकी सोडून देणे, यांकडेही लक्ष द्यावे. घरीही मूल नजरेला नजर देत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, कल्पनेचे खेळ खेळत नसेल किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर तो स्वभावाचा प्रश्न नसून विकासाची आणि श्रवणाची तपासणी करण्याचा विषय आहे. मुलाच्या बाबतीत आकांत रोज अनेकदा आणि दीर्घकाळ होत असतील, त्यात तो स्वतःला इजा करत असेल, किंवा तो चार वर्षांचा झाल्यावरही त्यांची तीव्रता ओसरत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

तुम्ही लिहिलेल्यापैकी मुलीचे एकही लक्षण मला या यादीत दिसत नाही. मात्र ती वर्गात बाईंशी एक शब्दही बोलते की नाही, हे तुमच्या लिहिण्यातून स्पष्ट होत नाही. तेवढे शाळेत विचारावे. उत्तर 'नाही' असे आले, तर बालमानसतज्ज्ञांकडे जाताना ती घरी गोष्ट सांगत असतानाचे छोटे ध्वनिचित्रमुद्रण बरोबर न्यावे, कारण अनोळखी खोलीत ती बहुधा बोलणार नाही आणि तिची भाषा वयानुसार आहे की नाही हे तज्ज्ञांना त्यावरूनच कळू शकेल.